स्वस्त लोखंडी काडतुसं : रायफल फुटेल की नुसती कुरकुरेल?

नवानेमबाज
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं .२२ वर हात बसवल्यावर यंदा पहिली सेमी-ऑटो रायफल घेतली, म्हणजे चाप ओढला की एक बार आणि पुढचं काडतूस आपोआप चढणारी. एआर-१५ धाटणीची, नळीवर "५.५६" कोरलेलं आहे. शिकारबिकार नाही, कागदावर भोकं पाडणे एवढाच उद्योग. पण महिन्याला दोनेकशे काडतुसं बघता बघता उडतात आणि खिसा कळवळतो.

आता एके ठिकाणी आयात काडतुसांची हजाराची पेटी फारच स्वस्तात मिळते आहे. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं बाहेरचं नळकांडं, पितळेची नाही, राखाडी रंगाची, लोखंडी. गोळी दिसायला तांबूस, पण लोहचुंबक जवळ नेलं की टचकन चिकटते. खोक्यावरची लिपी मला वाचता येत नाही, ".२२३" एवढं कळलं. क्लबातला मित्र म्हणतो, "हे घालशील तर रायफल हातात फुटेल." विकणारा म्हणतो, "लाखो लोक हेच उडवतात." एकाला माझी काळजी, दुसऱ्याला पेटी खपवायची घाई. खरं कोणाचं?

तिरपागडे
फुटलेल्या रायफलीवाले परत दुकानात येत नसावेत. म्हणून विकणाऱ्याला लाखो समाधानी लोकच दिसतात.

माळरान
एके आणि एसकेएस या माझ्या दोन रशियन धाटणीच्या रायफलींतून मिळून बारा-पंधरा हजार लोखंडी पुंगळ्या मी स्वतः उडवल्या आहेत. दोन्ही रायफली ठणठणीत, बोटंही दहाच्या दहा, त्यांनीच टंकतोय. मित्राला म्हणावं भुताच्या गोष्टी सांगू नकोस. बिनधास्त घ्या.

नवानेमबाज
धन्यवाद माळरान, जीवात जीव आला. उद्याच पेटी उचलतो.

लोखंडाचे_चणे
थांबा थांबा. माळरानांचं खरं आहे, पण ते एकेचं खरं आहे. तुमची एआर.

एकेचं ७.६२×३९ चं काडतूस हातात घेऊन बघा. बुडाकडून तोंडाकडे चक्क निमुळतं होत जातं. म्हणून तर एकेचं मॅगझीन एवढं वाकडं असतं, अशी निमुळती काडतुसं एकावर एक रचली की आपोआप कमान होते. निमुळत्या चेंबरमधून (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) निमुळती पुंगळी जरा मागे सरकली की लगेच सुटी. ते काडतूस लोखंडी पुंगळी गृहीत धरूनच वाढलं. ५.५६ च्या अंगाला तेवढा उतार नाही, जवळजवळ सरळ नळकांडं. बाटलीचं बूच आणि शंकूचं बूच यात काढायला जो फरक, तोच इथे.

आता लोखंड आणि पितळ. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, दाब उतरला की आक्रसते. पितळ फुगतंही छान, आक्रसतंही छान. लोखंड दोन्ही बाबतीत कंजूष. नीट फुगत नाही म्हणून थोडा धूर-काजळी पुंगळीच्या बाहेरून मागे येते आणि चेंबरमध्ये थर धरते. नीट आक्रसत नाही म्हणून सुटताना कुरकुर करते.

तेव्हा फुटणं वेगळं, अडकणं वेगळं आणि झिजणं वेगळं. मित्र पहिल्याची भीती घालतोय, होणार असलं तर दुसरं किंवा तिसरं होईल. हजाराची पेटी लगेच उचलू नका. आधी शंभर घ्या.

माळरान
एआरबद्दल मान्य. माझ्याकडे एआर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं.

स्वरा_के
वाचतेय. माझ्या रेंजवर दारातच चुंबक लावून बघतात आणि चिकटलं की परत पाठवतात. माझीही अशीच एक पेटी घरी पडून आहे. त्यात पोलादी गाभा असतो म्हणे, निशाण फाडतो. मग ती घातकच ना?

लोखंडाचे_चणे
चुंबक चिकटलं म्हणजे गाभा पोलादी असं नाही, स्वराताई. बहुतेक स्वस्त गोळ्यांत आत शिसंच असतं. वरचा पत्रा मऊ पोलादाचा आणि त्यावर तांब्याचा पातळ मुलामा. चुंबक त्या पत्र्याला चिकटतं. रेंजवाल्यांना प्रत्येक गोळी कापून बघायला वेळ नाही, म्हणून सरसकट बंदी. त्यांचंही चूक नाही. पोलाद पोलादी पाटीवर आपटलं की ठिणगी उडते, कोरड्या गवतात आग लागते. हा नियम पाटीच्या आणि गवताच्या भल्यासाठी आहे, रायफलीशी त्याचा संबंध नाही. पण पेटी घेण्याआधी आपल्या रेंजला विचारायचं, नाहीतर तुमच्यासारखी घरी पडून राहते.

इतिहासवेडा
"स्वस्त काडतूस म्हणजे बिघाड" या समजुतीला एक जुनं उदाहरण नेहमी जोडलं जातं, आणि ते उलटं आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफली अडकत होत्या, पुंगळ्या चेंबरमध्ये रुतून बसत होत्या. काडतुसं पितळेचीच होती, चांगल्या कारखान्यांतली होती. पण रायफल विकसित झाली एका जातीच्या दारूवर आणि सैन्याला पुरवलेल्या काडतुसांत आली वेगळी, बॉल पावडर. तिच्याने रायफल ठरल्यापेक्षा वेगात चालायला लागली आणि घाणही जास्त. त्यात सुरुवातीच्या रायफलींच्या चेंबरला क्रोमचा थर नव्हता, आणि हिला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरवलेला, त्यामुळे सफाईचं सामानही पुरेसं नाही. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने यावर ताशेरे ओढले.

मुद्दा असा की काडतूस रायफलीला मानवतं का, हा प्रश्न किमतीचा नसतो.

फौजीमामा
वरील इतिहासाला दुजोरा. आमच्या फौजेतल्या एसएलआर रायफलीला गॅस रेग्युलेटर असायचं. बार उडाल्यावर नळीतला थोडा गॅस पिस्टनला मागे ढकलतो, त्या जोरावरच पुढचं काडतूस चढतं. राउंड, म्हणजे काडतूस, कमजोर वाटला, पुंगळी नीट बाहेर पडेना, की रेग्युलेटर आवळायचं म्हणजे वाया जाणारा गॅस कमी होऊन पिस्टनला जास्त मिळतो. जास्त जोरात आपटायला लागली की सैल करायचं. आजच्या साध्या एआरमध्ये ती सोय बहुधा नसते, गॅसच्या भोकाचं माप कारखान्यातच ठरलेलं. स्वस्त माल बऱ्याचदा जरा हलक्या हाताने भरलेला असतो. मग बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता भाग, पूर्ण मागे जात नाही, पुंगळी बाहेर पडायच्या दारात अडकते. ती उभी राहते ना चिमणीसारखी, तीच. घाबरायचं कारण नाही. रायफल उपाशी आहे एवढाच त्याचा अर्थ.

आणि सफाई. पुलथ्रूच्या दोरीला फोर-बाय-टूची चिंधी लावून नळी तर सगळेच ओढतात. चेंबर कोण घासतं? कोणी नाही. लोखंडी राउंड उडवायचे असतील तर चेंबरचा ब्रश वेगळा मिळतो, तो आधी घ्या, काडतुसं नंतर.

तिरपागडे
मामा, "रायफल उपाशी आहे" हे वाक्य घरी सांगून पाहिलं. आणखी काडतुसं आणायची परवानगी मिळाली नाही.

नवानेमबाज
एक घाबरवणारा प्रकार झाला, म्हणून मध्येच लिहितोय. शंभर घेतली. काल रेंजवर पहिलं काडतूस चेंबरमध्ये चढवलं आणि तेवढ्यात रेंज थंड, म्हणजे सगळ्यांनी बार थांबवा, अशी हाक आली, म्हणून न उडवता बाहेर काढलं. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीवर, बरोब्बर मधोमध एक टिंब! जणू कोणी टाचणीचं डोकं टेकवलंय. चापाला बोटही लावलं नव्हतं. म्हणजे प्रायमरला ठोकणाऱ्या फायरिंग पिनने आपण होऊनच ठोकलं? हे स्वस्त काडतुसामुळे की रायफल बिघडली आहे?

लोखंडाचे_चणे
दोन्ही नाही. एआरची फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट दाणकन पुढे येऊन थांबतो, पिन मात्र आपल्याच वेगात आणखी केसभर पुढे जाते आणि प्रायमरला शिवते. तुमची पितळी काडतुसं चढवून काढा, त्यांच्यावरही तेच टिंब दिसेल. लष्करी काडतुसांचे प्रायमर जरा कडक ठेवतात त्यामागे हे एक कारण.

मात्र तेच काडतूस दहा वेळा चढव-उतर करू नका. एकतर टिंबावर टिंब. दुसरं म्हणजे दर वेळी गोळीचं नाक आपटतं आणि ती पुंगळीत थोडी आत सरकू शकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. नवं काडतूस शेजारी उभं करून उंची बघा, कमी भरलं तर बाजूला टाका.

माळरान
पिनवरून आठवलं. एसकेएस घेतली तेव्हा ती अख्खी ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली होती, लष्करी गोदामातली असतात तशी. मी बाहेरून पुसून लखलखीत केली आणि हौसेने रेंजवर नेली. एकदा चाप ओढला, तीन बार उडाले. धड धड धड. शेजारच्या मार्गिकेतल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवतं. मला वाटलं काडतूस खराब, प्रायमर फार नाजूक. घरी येऊन बोल्ट उघडला तर पिनच्या भोवती वाळलेलं ग्रीस, गूळ आटल्यासारखं. पिन पुढेच चिकटून बसली होती, बोल्ट बंद झाला रे झाला की बार. सगळा बोल्ट सोडवून धुतला, पिन हलवली की खुळखुळ आवाज यायला लागला. त्यानंतर एकदाही नाही. आणि काडतुसं त्याच पेटीतली.

स्वरा_के
बाप रे. आणि तुम्ही वर "बिनधास्त घ्या" म्हणाला होतात.

माळरान
काडतुसं बिनधास्त घ्या म्हणालो होतो, ताई. रायफल धुवा हे सांगायचं राहिलं.

रसायनी
सगळे पुंगळीवर तुटून पडलेत, प्रायमरकडे कोणाचं लक्ष नाही. स्वस्त आयात मालात माझ्या मते पहिला प्रश्न हा विचारावा: प्रायमर गंज आणणारा आहे का?

जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. काड्यापेटीच्या गुलात असतं तेच. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. हे मीठ नळीत, बोल्टवर, गॅस नळीत बारीक थर होऊन बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. दमट हवेत एका रात्रीत तांबूस फूल उमलतं. लहानपणी टिकल्यांची बंदूक काही दिवसांतच गंजायची, आठवतं? त्यातही क्लोरेटच.

यावर तेल लावणं हा उपाय नाही. मीठ तेलात विरघळत नाही, तेलाखाली सुखाने राहतं. गरम पाणी ओता, भरपूर. मीठ विरघळून जातं, नळी गरम झाल्याने पाणी लवकर उडतं. पुसून कोरडं करा आणि मग तेल. काही जण काच पुसायचा अमोनियावाला फवारा मारतात आणि "आम्ल मारलं" म्हणतात. तिथे आम्ल नाहीच, काय मारणार? फवाऱ्यातलं पाणी काम करतं, श्रेय अमोनियाला.

गंजलेला_खिळा
रसायनीताईंना दंडवत. माझं हे नाव त्याच अनुभवातून आलंय. पितळी, सुंदर, सोन्यासारखी झळकणारी जुनी युगोस्लाव्ह काडतुसं उडवली. पितळ आहे म्हणजे उंची माल, या खुशीत रायफल तशीच पिशवीत घातली. चार दिवसांनी पिस्टन हाताने निघेना. हातोडीने काढावा लागला. नळीला क्रोम होता, ती वाचली. पिस्टनला आणि गॅस ब्लॉकला कसला क्रोम!

तेव्हा धागाकर्ते, लोखंडी आहे म्हणून घाबरू नका आणि पितळी आहे म्हणून निजू नका.

शंकासुर
पण ओळखायचं कसं? दोन भोकांचा प्रायमर, बर्डनवाला, म्हणजे गंजणारा असं ऐकून आहे.

रसायनी
नाही, ही गल्लत फार होते. बर्डन आणि बॉक्सर हा पुंगळीच्या घडणीतला फरक आहे. बर्डनमध्ये ऐरण, म्हणजे ज्यावर प्रायमरचं रसायन चेपलं जाऊन पेटतं तो उंचवटा, पुंगळीतच घडवलेली असते आणि ठिणगी जायला सहसा दोन भोकं. बॉक्सरमध्ये ऐरण प्रायमरमध्येच, मधोमध एक भोक. आत कोणतं रसायन आहे याचा भोकांशी काही संबंध नाही. आजची बरीच लोखंडी बर्डन काडतुसं गंज न आणणारी असतात. फक्त बर्डन पुंगळी पुन्हा भरणं कटकटीचं, म्हणून पुंगळ्या वेचणाऱ्यांना तिचा राग.

खात्री करायची असेल तर जाणकाराकडून एका काडतुसाची गोळी आणि दारू काढून घ्या, नुसता प्रायमर घासलेल्या उघड्या पोलादी पट्टीवर उडवा आणि पट्टी दोन दिवस दमट जागी ठेवा. शेजारी एक कोरी पट्टी तुलनेला. खोक्यावरच्या शब्दांपेक्षा पट्टी खरं बोलते.

इतिहासवेडा
अवांतर: बॉक्सर हे इंग्रज, बर्डन हे अमेरिकन. आणि अमेरिकेत चालतो बॉक्सरचा प्रायमर, युरोपात रुजला बर्डनचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

मूषक
मला झिजण्याबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे खरा हिशेब आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका काडतूस विक्रेत्याने चाचणी घेतली होती. एकाच बनावटीच्या चार एआर, प्रत्येकीतून दहा हजार काडतुसं उडवायची. एकीला पितळी पुंगळी आणि तांब्याच्या पत्र्याची गोळी, उरलेल्या तिघींना वेगवेगळ्या बनावटीची लोखंडी पुंगळी आणि पोलादी पत्र्याची गोळी. तांब्यावाली नळी शेवटपर्यंत कामाची राहिली. पोलादी पत्र्यावाल्यांपैकी दोघींच्या नळ्या सहा हजारांच्या आसपास बाद झाल्या. मागाहून गोळ्या कागदाला आडव्या भिडत होत्या, म्हणजे नळीच्या आतले आटे घासून गेल्याने गोळीला फिरकीच मिळेना.

यात लोक पुंगळीला शिव्या देतात, पण नळी खाल्ली ती गोळीच्या पत्र्याने. पुंगळी नळीत जातच नाही! आता हिशेब सरळ आहे. एका काडतुसामागे जे वाचतं त्याला सहा हजारांनी गुणा आणि त्यात नवी नळी येते का बघा. बऱ्याचदा येते आणि वर बरंच उरतं.

फौजीमामा
मूषकराव, हिशेब बरोबर. पण ती चाचणी भराभर बार उडवून घेतलेली, नळी तापवून. तापलेली नळी कुठल्याही गोळीने लवकर झिजते. शांतपणे, नेम धरून, महिन्याला दोनशे उडवणाऱ्याची नळी त्याहून जास्त टिकेल.

शार्पशूटर_नाही
हिशेब कसले मांडताय राव. चांगल्या रायफलीत कचरा घालायचाच कशाला? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं, इथे बारा आण्याची कोंबडी आणि चार आण्याचा मसाला चाललाय. लोखंडाने पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा दात तुटतो, नेम लागत नाही, वास येतो. माझ्या रायफलीला कधीच नाही.

मूषक
एक्स्ट्रॅक्टर कडक केलेल्या पोलादाचा, पुंगळी मऊ लोखंडाची. चिकटलेली पुंगळी रोज जबरदस्तीने ओढायला लावली तर तुटेल, नुसत्या स्पर्शाने नाही. वासाचं मात्र खरं आहे.

शार्पशूटर_नाही
नेमाचं?

मूषक
तेही खरं. पण तुमचं सदस्यनाम बघता तुम्ही तो दोष काडतुसावर ढकलू नये.

शार्पशूटर_नाही
:) हे मात्र लागलं.

निशाणी
उशिरा आले, पण फुटण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण रायफल फुटते हे खरं आहे आणि मी ते होता होता वाचताना पाहिलंय.

आमच्या सरावात एक मुलगा घड्याळ लावून उडवत होता. चार बार धडाडले आणि पाचवा नुसता "फुस्स". बोल्ट जागचा हलला नाही. वेळ मोजली जात असली की हात डोक्याला विचारत नाही. त्याने हँडल खेचलं, पुंगळी खाली पडली, नवं काडतूस चढलं. बोट चापावर गेलं आणि मागून आमचे प्रशिक्षक ओरडले "थांब!" असे की पलीकडच्या रांगेतलेही थांबले. रायफल उतरवली, काडतूस काढलं, नळीतून सळई घातली तर ती अडली. चेंबरपासून चार बोटं पुढे गोळी रुतून बसलेली. पुंगळीत दारू पडलीच नव्हती, एकट्या प्रायमरच्या धक्क्याने गोळी तेवढी गेली. पुढचा बार उडाला असता तर कोंडलेला दाब नळी फाडून बाहेर आला असता, आणि डावा हात तिथेच असतो.

ती काडतुसं आयात केलेली नव्हती. पितळी, चकचकीत, कोणीतरी घरी प्रेमाने भरलेली.

कारखाना कुठलाही असो, तिथे दारूचं वजन आणि दाब तपासला जातो. युरोपातल्या सीआयपी या शस्त्र-काडतूस तपासणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सदस्य देशांत तर बाजारात यायच्या आधी काडतुसांची तपासणी सक्तीची, खोक्यावर तशी खूण असते. फुटण्याचा धोका मी जास्त धरते तो अनोळखी हाताने भरलेल्या काडतुसांत, उन्हातान्हात सडलेल्या जुन्या लष्करी मालात आणि चुकीच्या काडतुसात.

शंकासुर
चुकीचं म्हणजे? चुकीचं काडतूस बसेलच कसं?

निशाणी
.३०० ब्लॅकआउट. एआरसाठीच केलेलं, तेच मॅगझीन, तोच बोल्ट, फक्त नळी ७.६२ ची. ते ५.५६ च्या चेंबरमध्ये कधीकधी गोळी मागे ढकलली जाऊन चक्क बसतं. मग साडेसात मिलिमीटरहून जाड गोळी साडेपाचच्या नळीतून जायला निघते. पुढे काय होतं ते सांगायला नको. ज्यांच्याकडे दोन्ही रायफली आहेत त्यांनी मॅगझीनांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा. एका वेळी एकच रायफल बाहेर.

शंकासुर
मग धागाकर्त्यांच्या नळीवर ५.५६ आणि खोक्यावर .२२३, हेही चुकीचं नाही का?

निशाणी
ते चालतं. बाहेरून दोन्ही सारखीच. ५.५६ च्या चेंबरमध्ये आटे सुरू होण्याआधी मोकळी जागा जरा जास्त ठेवलेली असते, त्यात .२२३ निवांत उडतं. उलट करू नये. .२२३ च्या आखूड गळ्यात पूर्ण जोराचं ५.५६ घातलं तर दाब ठरल्यापेक्षा चढू शकतो. अमेरिकी मानकात .२२३ ला ५५,००० पीएसआयची (हे दाबाचं एकक) मर्यादा आहे. ५.५६ चे लष्करी आकडे त्याहून मोठे दिसतात, पण दाब मोजायची पद्धत आणि जागा वेगळी, म्हणून आकडे शेजारी ठेवून घाबरू नका. खोक्यापेक्षा पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचा. वर्तुळात अधिकचं चिन्ह दिसलं तर ते नाटो मापाचं लष्करी काडतूस.

इतिहासवेडा
निशाणीताईंच्या यादीत एक भर. जुनी एम१ गॅरंड कोणाकडे असेल तर तिला स्वस्त नव्हे, महाग काडतूस बाधतं! १९३६ साली स्वीकारलेली रायफल, तिचं गॅसचं भोक नळीच्या पार टोकाशी. आजची जड गोळीची, संथ जळणाऱ्या दारूची शिकारी काडतुसं तिथे पोचेपर्यंत दाब टिकवून ठेवतात आणि बोल्टला मागे ढकलणारा तिचा लांबलचक ऑपरेटिंग रॉड वाकतो. भारी माल घातला म्हणून रायफल लंगडी.

फौजीमामा
सडलेल्या मालाबद्दल. डबा उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला, दारूतून तांबूस धूर दिसला किंवा पुंगळीच्या मानेवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तो राउंड उडवायचा नाही. घरीही ठेवायचा नाही. पोलिसांना किंवा रेंजला कळवायचं, ते बघतात. आणि बार उडालाच नाही तर लगेच बोल्ट खेचू नका. नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट मनातल्या मनात मोजा. उशिरा पेटणारा राउंड असतो एखादा.

तिरपागडे
हा धागा वाचून मी माझ्या गलोलीलाही चेंबर ब्रश घेतलाय.

शंकासुर
ही रशियन काडतुसं अजून येतात कुठून? बंदी आली होती ना?

मूषक
ती अमेरिकेची. २०२१ च्या सप्टेंबरपासून त्यांनी रशियन शस्त्रं-काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांना नकार द्यायला सुरुवात केली. आधी दिलेल्या परवान्यांवरचा माल नंतरही येत राहिला. लोखंडी पुंगळी म्हणजे रशियन हे समीकरणही खरं नाही, इतर देशही बनवतात.

नवानेमबाज
तीन आठवड्यांनी परत आलो. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. झालं ते सांगतो.

आधी रसायनीताईंची पट्टी करून पाहिली, क्लबातल्या एका जुन्या सभासदाने मदत केली. दोन दिवसांनी दोन्ही पट्ट्या सारख्याच स्वच्छ. शंभर काडतुसं पहिल्या दिवशी विनातक्रार गेली. मग धीर येऊन पेटी उचलली.

दुसऱ्या शनिवारी साधारण दीडशे उडवून झाल्यावर घोळ झाला. रायफल चांगली तापली होती, मी शेजाऱ्याशी गप्पा मारत बसलो आणि एक काडतूस चेंबरमध्ये तसंच राहिलं. पाच-सात मिनिटांनी उडवलं. बार नीट उडाला, पण बोल्ट घट्ट. पुंगळी चेंबरमध्ये रुतली. एक्स्ट्रॅक्टर तिच्या कडेवरून सटकला, कडेला छोटा चंद्रकोरीसारखा चावा. आत उडालेली पुंगळीच आहे, जिवंत काडतूस नाही, हे दोघांनी दोनदा पाहून घेतलं. मग तोंडाकडून सफाईची सळई घालून हलके ठोके दिले, तिसऱ्या ठोक्याला "टक्" करून सुटली. चेंबरमध्ये बोट फिरवलं तर काळं काजळ.

फौजीमामांचा ब्रश घेतला नव्हता. आता घेतलाय.

फौजीमामा
सगळे ठोकर खाऊनच घेतात. जिवंत आहे का बघितलंत, हे उत्तम केलंत. आणि त्याच मळलेल्या चेंबरमध्ये लगेच पितळी राउंड घालू नका. पितळ छान फुगतं, त्या काजळीला कवटाळून बसतं. मग लोक म्हणतात पितळीच अडकली.

नवानेमबाज
मामा, नेमकं तेच करणार होतो! घासून मगच घातली. त्यानंतर दर शंभराला ब्रश, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून गप्पा बंद. पुन्हा अडकली नाही. नेम मात्र शार्पशूटर_नाही म्हणाले तसा, पितळीने मुठीएवढ्यात येणारी भोकं आता पंजाएवढ्यात.

शार्पशूटर_नाही
नोंद घ्यावी, कोणीतरी माझं म्हणणं मान्य केलं.

स्वरा_के
आणि "हातात फुटेल" म्हणणारे मित्र काय म्हणतात आता?

नवानेमबाज
काल पेटीतली साठ मागून नेली. "नुसती बघतो" म्हणाला.